एकटीचा मुक्काम एन्कहाउझनमध्ये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकट्याने परदेशी फिरणाऱ्यांसाठी आलेला मार्गदर्शनपर लेख वाचला. व्हिसा, विमा आणि खर्च यांविषयीची त्यातील माहिती उपयोगी आहे. मात्र नेदरलँड्समध्ये एकट्या प्रवाशाने, विशेषतः स्त्रीने, मुक्काम ॲमस्टरडॅममध्येच ठेवावा आणि लहान गावे दिवसाच्या फेरीत पाहून परतावे, हा त्यातील सल्ला मला अजिबात पटला नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मी एन्कहाउझन या लहानशा बंदराच्या गावी एकटीने राहून आले, आणि दिवसाच्या फेरीत त्या गावाचे जे काही खरे आहे तेच नेमके निसटते, असे माझे ठाम मत झाले आहे.

एन्कहाउझनची लोकसंख्या जेमतेम अठरा-एकोणीस हजार आहे. ॲमस्टरडॅमहून आगगाडीने तासाभरात तिथे पोहोचता येते आणि रूळही तिथेच संपतात, कारण पुढे पाणी आहे. १८८५ साली हा लोहमार्ग गावापर्यंत आला तो पलीकडच्या स्टाव्होरनला जाणाऱ्या बोटीशी जोडण्याच्या हेतूने, आणि ती बोट पर्यटनाच्या हंगामात आजही सुटते. तिकिटाची कटकट नाही. आपले बँकेचे कार्ड स्थानकावरच्या यंत्राला आत जाताना एकदा आणि उतरल्यावर एकदा लावले की भाडे आपोआप वळते होते. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की समोर बंदर, आणि सगळे जुने गाव पायी फिरण्याच्या टप्प्यात. रिक्षा-टॅक्सीवाल्याशी घासाघीस नाही, की रात्री परतायचे कसे ही काळजी नाही. मे महिन्यात तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. मी जेवणानंतर रोज धक्क्यावर एकटी फिरत असे. शेजारून सायकलवर जाणारी माणसे मान हलवून नमस्कार करत, पण उगाच कोणी चौकशी केली नाही. एकट्या बाईला हा निवांतपणा किती मोलाचा वाटतो, हे ज्या वाचक भगिनींनी एकटीने प्रवास केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

दिवसाच्या फेरीवर आलेले पर्यटक सकाळी उशिरा येतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास परततात. त्यानंतर बंदर खऱ्या अर्थाने गावाचे होते. बंदराच्या तोंडाशी १५४० मध्ये संरक्षणासाठी बांधलेला ड्रॉमेडारिस हा भक्कम बुरूज आहे आणि त्यातल्या घंटांचे सूर अख्ख्या धक्क्यावर ऐकू येतात. त्याच वेळी तपकिरी शिडांची जुनी जहाजे एकेक करून आत येऊ लागतात. ही जहाजे जवळून पाहण्यासारखी आहेत. पूर्वीचा झाउडरझे हा उपसागर फार उथळ असल्यामुळे त्यांचे तळ सपाट केलेले असतात; पण सपाट तळाचे जहाज वाऱ्याने आडवे वाहवत जाते, म्हणून दोन्ही अंगांना पंख्याच्या आकाराची एकेक जाड लाकडी फळी टांगलेली असते. वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची फळी पाण्यात सोडायची, आणि दिशा बदलली की ती ओढून घेऊन दुसरी सोडायची. आमच्या किनाऱ्यावरची उलांडीची, म्हणजे कलंडू नये म्हणून बाजूला आधाराचे लाकूड बांधलेली, होडी पाहत लहानाची मोठी झालेल्या मला ती फळी प्रथम उलांडीसारखीच वाटली, पण तिचे काम निराळे आहे, हे मी एका संध्याकाळी धक्क्यावर बसून प्रत्यक्ष पाहिले. अशी जहाजे चालवण्याचे रीतसर शिक्षण देणारी नाविक शाळाही याच गावात आहे, त्यामुळे दोर आवरणाऱ्यांत विशीतली मुले-मुली पुष्कळ दिसतात.

त्या पाण्याची कथा समजल्याशिवाय गाव कळत नाही. १९१६ च्या मोठ्या पुरानंतर, कॉर्नेलिस लेली या अभियंत्याच्या योजनेनुसार, उपसागराचे तोंड बांधून काढण्याचा कायदा १९१८ मध्ये झाला आणि २८ मे १९३२ रोजी बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधाने समुद्र कायमचा तोडला गेला. पुराचे भय संपले, नवी जमीन मिळाली. परंतु खारे पाणी गोडे झाले आणि हेरिंग व अँकोव्ही ही मासळी गेली. ज्या गावाच्या मानचिन्हावर तीन हेरिंग आहेत त्या गावाचा मुख्य धंदा असा एका पिढीत संपला. मासेमारांना मदत देण्यासाठी सरकारने १९२५ मध्ये, म्हणजे बांध पूर्ण होण्याच्या आधीच, स्वतंत्र कायदा केला होता, ही गोष्ट मला विशेष वाटली. धरणे, बंदरे आणि प्रकल्प येतात तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या वाट्याला इतकी पूर्वतयारी क्वचितच येते.

गेलेल्या जीवनाचे गावाने काय केले, हे तेथील झाउडरझे संग्रहालयात दिसते. सभोवतालच्या किनाऱ्यांवरून एकशे चाळीसच्या आसपास घरे, दुकाने आणि कामाच्या जागा उचलून आणून तिथे पुन्हा उभ्या केल्या आहेत. हा उघड्यावरचा विभाग १९८३ मध्ये सुरू झाला. मी तिथे एकापेक्षा अधिक वेळा गेले, कारण एका फेरीत तो पाहून होत नाही. मासळी धुरावण्याच्या खोपटात लाकडाचा धूर कोंडलेला असतो, सळ्यांवर ओळीने टांगलेले मासे हळूहळू सोनेरी होत जातात आणि तो वास दिवसभर कपड्यांना राहतो. शेजारीच जाळे दुरुस्त करत बसलेले एक वयस्क स्वयंसेवक मला गाठ कशी मारायची ते दाखवत अर्धा तास बोलत होते. मी समूहासोबत असते तर मार्गदर्शकाची शिट्टी कधीच वाजली असती.

या गावाचे आपल्या किनाऱ्याशी असलेले नाते तर पुरवणीच्या लेखकाने आवर्जून नोंदवायला हवे होते. एन्कहाउझनमध्ये वाढलेला यान ह्यूखन फान लिन्सखोटन १५८३ मध्ये गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी त्याने सुमारे पाच वर्षे काम केले आणि १५९२ मध्ये तो गावी परतला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तान्तात गोव्याचा बाजार, नारळ, आंबा, विड्याची पाने यांची वर्णने आहेत आणि त्यावर याच गावच्या पालुडानस नावाच्या वैद्याच्या टिपा आहेत. पोर्तुगिजांनी जपून ठेवलेल्या जलमार्गांची माहिती त्याने उघड केल्यामुळे डच व्यापाऱ्यांना पूर्वेची वाट सोपी झाली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक एन्कहाउझनला होती, आणि कंपनीने वापरलेली मिरीची वखार आज त्याच संग्रहालयाचा भाग आहे. त्या जाड तुळयांखाली उभे राहताना मनात कौतुकच होते असे मात्र मी म्हणणार नाही. शेजारच्या होर्न गावात जन्मलेल्या यान पीटरझोन कून याने १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी इंडोनेशियातील बांदा बेटांवरील बहुतेक लोकसंख्या नष्ट केली. होर्नच्या चौकातील त्याच्या पुतळ्यावरून आजही तिथे वाद होतात. या देखण्या विटांच्या घरांमागे तो पैसाही आहे, हे प्रवाशाने विसरू नये.

भाजीपाल्याच्या बियाण्यांच्या धंद्यासाठीही हा परिसर जगभर ओळखला जातो; जालन्याच्या वाचकांना त्यात अधिक रस वाटेल, म्हणून एवढा उल्लेख पुरे.

अडचणीही सांगायला हव्यात. खोलीभाडे आपल्या हिशेबाने महाग आहे, वारा मे महिन्यातही बोचतो, सोमवारी सकाळी बरीच दुकाने बंद असतात आणि संग्रहालयाचा उघड्यावरचा विभाग हिवाळ्यात बंद ठेवतात. शाकाहारी माणसाला पाव, चीज आणि सूप यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. वाटाण्याच्या सुपातही डुकराचे मांस असते, तेव्हा विचारून घ्यावे. स्वयंपाकघराची सोय असलेली खोली घ्यावी. मी रात्रीची खिचडी घरीच करत होते. संध्याकाळी बोलायला कोणी नाही, असेही एखाद्या दिवशी वाटते. पण त्यासाठी मुक्काम मोठ्या शहरात हलवावा असे मला एकदाही वाटले नाही.

माझी आपणास दोन बाबतींत विनंती आहे. पहिली अशी, की पुरवणीत अशा लहान गावांच्या मुक्कामाची माहिती, म्हणजे गाडी, खोली, बाजाराचे वार आणि हंगाम यांचा तपशील, नियमाने यावा. यात्रा कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर ती गावे नसतात, म्हणून वृत्तपत्रानेच ते करावे. दुसरी विनंती आमच्या वेंगुर्ल्याची आहे. डचांनी १६३७ मध्ये तिथे वखार घातली आणि तिथून गेलेली पत्रे शिवकालाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. ती वखार राज्य संरक्षित स्मारक असूनही तिच्या भिंतींतून झाडे उगवली आहेत आणि छप्पर केव्हाच गेले आहे. एन्कहाउझनची वखार पाहून आलेल्या माणसाला हे दृश्य फार बोचते. आपल्या जिल्हा आवृत्तीच्या प्रतिनिधीने तिथे जाऊन सद्यःस्थितीवर सविस्तर वृत्त द्यावे. जागा दाखवण्यासाठी आणि दोन्ही वखारींची मी काढलेली छायाचित्रे देण्यासाठी मी केव्हाही तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक, सावंतवाडी