'पातळ द्या' हे वाक्य मागे घ्या

मा. संपादक,

काल तुमच्या आरोग्य पुरवणीत पार्किन्सन्सवर लेख आला. हाताची थरथर, चाल, व्यायाम, गोळ्यांच्या वेळा, सगळं नीट लिहिलंय, त्याबद्दल आभारच. पण गिळण्याच्या त्रासावर अख्ख्या लेखात एकच वाक्य, ते म्हणजे गिळायला जड जात असेल तर पातळ पदार्थ द्यावेत. ते वाचल्यापासून संताप आवरत नाहीये म्हणून लिहितेय.

अहो, अशा पेशंटला बहुतेक वेळा पातळच जास्त धोक्याचं असतं! पाणी, चहा, ताक घशातून झरकन उतरतं आणि पार्किन्सन्समध्ये किंवा पॅरालिसिसच्या झटक्यानंतर श्वासनलिका मिटायला जरा जरी उशीर झाला की ते सरळ फुफ्फुसात जातं. दाटसर पेज हळू सरकते म्हणून बऱ्याच जणांना ती झेपते, पण फार घट्ट झालं तर घशात चिकटून राहतं. म्हणजे कुणाला किती घट्ट द्यायचं हे तपासूनच ठरवावं लागतं, पेपरात वाचून नाही.

माझ्या वडिलांना, अप्पांना, पार्किन्सन्स होता. हॉस्पिटलमधून घरी सोडताना कार्डावर 'लिक्विड डाएट' एवढंच लिहून दिलं. एक चमचा पाणी समोर पाजून बघावं असं तिथे कुणालाही वाटलं नाही. घरी नारळपाणी, सूप, मोसंबीचा रस सुरू झाला, ठसका लागत नव्हता त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. या आजारात घशाची जाणीवच कमी होते, ठसका न लागताही पाणी आत जाऊ शकतं, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो ती खूण असते, हे आम्हाला सगळं संपल्यावर कळलं. ताप, धाप, न्यूमोनिया, आयसीयू. अप्पा परत आले नाहीत.

आणि हे काही नवीन शोध नाहीत हो. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर लिहिलं त्यातच घास गिळता येत नाही, लाळ गळते हे नोंदवलंय. आजही या पेशंटच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत न्यूमोनिया आहे. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात हे किती घरांना माहीत आहे? लोकांना वाटतं ते फक्त लहान मुलांच्या बोलण्यासाठी असतात. ताठ बसवून भरवा, जेवण झाल्याबरोबर आडवं करू नका, गोळीचा असर चालू असताना जेवायला द्या, हळूहळू असर करणारी गोळी कुटून देऊ नका, एवढं चार ओळींत मावलं असतं. मुंबईत बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या थेरपिस्टचं शिक्षण मिळतं, पण तालुक्याच्या ठिकाणी शोधायला गेलं की माणूस सापडत नाही, त्यावर लिहा ना एकदा.

अजून एक. त्याच पानावर खाली 'कंपवात मुळापासून बरा' अशी जाहिरात आहे. पार्किन्सन्स मुळापासून बरा करणारं औषध आजपर्यंत निघालेलं नाही. वर डॉक्टरांचा लेख आणि खाली ही जाहिरात, थकलेली घरं पैसे भरतात हो अशा ठिकाणी. घेऊ नका असल्या जाहिराती.

आणि त्या वाक्याची दुरुस्ती छापा. आतल्या पानावर कोपऱ्यात नको, पुरवणीत लेख होता त्याच जागी, त्याच अक्षरात.

– एक वाचक, सांगली