बी विंगच्या मागे रोज सकाळी पेटणाऱ्या कचऱ्याबाबत

दि. ४ जानेवारी २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : सोसायटीच्या आवारात कचरा जाळणे ताबडतोब बंद करण्याबाबत (दुसरे पत्र)

महोदय,

याच विषयावर मी दिवाळीनंतर लेखी अर्ज दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवण केली तर आपण "बघतो" एवढंच लिहिलंत आणि विषय तिथेच राहिला. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

सोमवारी, ३० डिसेंबरला, महापालिकेने भायखळ्यातली आणि आपल्या बोरिवली पूर्वेतली बांधकामं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, कारण इथला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या वर गेला होता. २०१ ते ३०० म्हणजे सरकारी भाषेत 'वाईट' हवा. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ नेहमीप्रमाणे ढीग पेटला. एवढी मोठी कामं बंद होतात आणि आपल्या आवारातली काडेपेटी बंद होत नाही, हे कसं?

ढीग कुणाच्या सांगण्यावरून पेटतो हे सर्वांना ठाऊक आहे. तळमजल्यावरचे ते सभासद स्वतः समितीवर आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. माळ्याजवळ उभं राहून ते पेटवायला लावतात. "वाळली पानंच तर आहेत, धुराने डास जातात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते. बदामाची जाड पानं दवाने ओली झालेली असतात, ती धड पेटत नाहीत, नुसती धुमसतात. मग ती पेटावीत म्हणून खाली पार्सलचे खोके, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या सारल्या जातात. थंडीत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वाराही पडलेला असतो, त्यामुळे धूर वर जातच नाही. तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून आत येतो. दांडीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर राखेचे कण बसतात आणि झटकायला गेलं की काळी रेघ उठते.

माझ्या सासूबाईंना दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आम्ही पाळतो. सकाळचं फिरणं बंद करून ऊन चढल्यावर जायचं, सकाळ-संध्याकाळ खिडक्या लावून ठेवायच्या, केर न उडवता ओल्या फडक्याने पुसायचं, घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल लावायची नाही, पंप हाताशी ठेवायचा. बाहेर पडताना एन-९५ मास्क, कारण रुमालाने किंवा ओढणीने धुरातले बारीक कण अडत नाहीत. देवापुढची उदबत्तीसुद्धा सासूबाईंनी सोडली. त्या घरात, खिडक्या बंद असूनही, सकाळी जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो आणि त्यांना पंप घ्यावा लागतो. आणखी काय करायचं आम्ही?

सर्वसाधारण सभेत आपण म्हणालात, "बाहेरची हवा आपल्या हातात नाही." मान्य. हायवे आपल्या हातात नाही, शेजारचा पुनर्विकासही नाही. गेटच्या आतलं तरी आहे ना?

नियमांचं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर आणि आवाराबाहेरच्या मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याने ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याने २५,००० रुपये पर्यावरण भरपाई भरायची, असं ठरवून दिलं. ऑक्टोबर २०२३ मधल्या पालिकेच्या सूचनांतही उघड्यावर जाळण्याला पूर्ण बंदी आहे. आमच्या गॅलरीतल्या कुंडीतून दोन थेंब पाणी खाली पडलं तेव्हा समितीने दोन दिवसांत उपविधी दाखवून नोटीस काढली होती. याच सभासदांची गाडी वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या जागेवर उभी असते, पहाटे ती सुरू ठेवून ते पेपर वाचतात, ऐन धुळीत गालिचे आमच्याच बाजूला झटकतात. त्यांना एकही नोटीस गेल्याचं मला माहीत नाही. हे लिहायची वेळ यायला नको होती.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे ते कुटुंब, आणि ए विंगमधलेही बरेच जण लिफ्टमध्ये हेच बोलतात. समोर यायला कचरतात, कारण वाईटपणा कुणाला नको असतो. रात्रभर ड्यूटी करून वॉचमन सकाळी त्याच धुरात खोकत बसतो. त्याला तर कुणी विचारतही नाही.

माझी मागणी एवढीच : जाळणं आजपासून बंद. पानांसाठी मागच्या भिंतीशी खड्डा करा, बदामाची पानं कुजायला वेळ घेतात पण कुजतात. सुका कचरा घंटागाडीत द्या. झाडण्याआधी आवारात पाणी मारा. सूचना फलकावर लावा आणि संबंधित सदनिकेला वेगळी लेखी नोटीस द्या, इतरांना देता तशीच. डासांचं म्हणाल तर टाकीचं तुटलेलं झाकण आधी बदला, डास तिथेच होतात.

येत्या शनिवारपर्यंत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास फोटोंसह तक्रार महापालिकेच्या आर मध्य विभाग कार्यालयात देणार आहे.

आपली,
सभासद, बी विंग, पहिला मजला

सोबत : आधीच्या अर्जाची पोच, टाकीजवळचे फोटो