माळावर खड्डे खणण्याआधी

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या कंपन्या आणि सोसायट्या माण, जत, सांगोला, कर्जत (नगरकडचे, रायगडचे नव्हे) इथल्या ‘ओसाड’ माळांवर झाडे लावण्याचे बेत आखतात. शासनाची वृक्षलागवडीची मोहीमही २०१६ मध्ये २ कोटी रोपांची होती, ती २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेली. रोपे किती, हे सगळे विचारतात. जमीन कोणती, हे फारसे कोणी विचारत नाही.

हा माळ ओसाड नसतो. पर्जन्यछायेतला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस आणि मुरमावरची वीतभर माती एवढ्यावर तिथे मारवेल, पवना, कुसळी ही गवते तगतात. अधूनमधून हिवर, बोर, हेंकळ, तरवड ही झाडेझुडपे. दीड फुटाचा खड्डा घेतला की गवताची मुळे तुटतात, मुरूम वर येतो आणि पहिल्या मोठ्या सरीत शेजारची माती वाहून जाते. रोप जूनच्या पावसावर लावले जाते; इथला भरवशाचा पाऊस मात्र सप्टेंबरचा. मधल्या उघडिपीत ते जळते. जगते ती बहुधा ग्लिरिसिडिया (बाहेरून आणलेले, भराभर वाढणारे झाड), कारण गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिची सावली दाट झाली की खालचे गवत संपते आणि मोकळ्या माळावरच्या धाविक, चंडोल या पक्ष्यांची आणि काळविटाची जागाही जाते.

माळ बिघडलाय की नाही, हे वनस्पतीच सांगतात. मारवेल आणि पवना गुरांच्या आवडीचे, म्हणून अति चराईत तेच आधी जातात आणि कुसळी वाढते. कुसळी फुलोऱ्याआधी कापली तर चारा चांगला. कुसळे धरल्यावर ती मेंढीच्या लोकरीतून थेट कातडीत घुसतात. तरवड शेळ्या टाळतात, त्यामुळे उजाड माळावर तोच दाट दिसतो. त्याची साल कातडी कमावायला वापरत. हिवराच्या शेंगा ऐन उन्हाळ्यात, चारा संपलेला असताना मिळतात. मेंढपाळ आकडीने फांद्या हलवून त्या पाडतात. असे एक जुने हिवर तोडून दहा रोपे लावणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

झाडे लावायचीच तर बांधावर आणि ओढ्याकाठी लावावीत. बाभळीचे बी कठीण कवचाचे. उकळी आलेले पाणी आचेवरून उतरवून त्यात बी टाकावे, रात्रभर भिजू द्यावे आणि फुगलेलेच पेरावे. शेळ्या रवंथ करताना जे बी थुंकतात, ते शेळ्यांच्या वाड्यातून गोळा केले तर आणखी चांगले. बोराचे नवे रोप कशाला? रानबोर एप्रिल-मेमध्ये जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावी, नवे धुमारे पेन्सिलीएवढे जाड झाले की जून-जुलैत उमराण किंवा मेहरूण या चांगल्या बोरांचा डोळा भरावा (म्हणजे त्यांची कळी सालीत बसवून कलम करावे). मूळ आधीच खोल गेलेले असते, पाणी घालावे लागत नाही. डोळ्याखालून फुटणारे रानफुटवे मात्र काढत राहावेत, नाहीतर ते डोळा दाबून टाकतात.

माळावर करायचेच असेल तर वेडी बाभूळ (आपली बाभूळ नव्हे, बाहेरून आलेले काटेरी झाड) काढा. जमिनीलगत तोडली तर ती चौपट फुटते. बुंध्याभोवती उकरून मूळ फूटभर खालून तोडावे लागते. हे शेंगा पिकण्याआधी करावे, कारण शेळ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी रानभर पसरवतात. मोकळ्या झालेल्या जागी पाऊस पडताच मारवेलचे ठोंब दीड-दीड फुटावर लावावेत आणि पहिले वर्षभर तिथे चराई बंद ठेवावी. ही बंदी गावाशी आणि मेंढपाळांशी आधी बोलून, त्यांना दुसरा माळ मोकळा ठेवूनच घालता येते. पुढच्या वर्षापासून बी झडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, विळ्याने कापणी करावी. स्वयंसेवकांची बस जुलैऐवजी तेव्हा न्यावी.

– गवताळ प्रदेशाचे दोन अभ्यासक, दादर, मुंबई