माझ्या पहिल्या ऑर्किडसाठी, काकू, तुमचे आभार

प्रिय काकू,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही जे शिकवलंत ते घरात पहिल्यांदाच ऑर्किड आलेल्या कुणाच्याही कामाचं आहे, आणि ते कुणाकडून आलं हेही लोकांना कळायला हवं.

माझं फॅलेनॉप्सिस प्रकारचं ऑर्किड भेट म्हणून आलं तेव्हा फुलांनी लगडलेलं होतं. फुलं दोन-अडीच महिने टिकली. ती गळाल्यावर खालची पानं मऊ पडून सुरकुतायला लागली. बघेल तो म्हणे, पाणी वाढव. तुम्ही एकट्याच म्हणालात, "आधी मुळं बघू."

कुंडीतून रोप काढलंत तेव्हा कारण समोरच होतं. कुंडीत मातीऐवजी भरलेलं, बाहेरून कोरडं वाटणारं शेवाळ आत, मुळांच्या मधोमध, गच्च ओलं होतं आणि तिथली मुळं कुजली होती. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या कुंडीतही रोप तहानलेलं राहतं आणि पानं सुरकुततात. त्यावर आणखी पाणी घातलं असतं तर उरलीसुरली मुळंही गेली असती.

मग तुम्ही कात्री ज्योतीवर धरून निर्जंतुक केलीत, गार होऊ दिलीत आणि माझ्या हातात दिलीत. हे मी कधी विसरणार नाही. तुम्हाला ते काम पटकन उरकता आलं असतं. पण प्रत्येक मुळापाशी मी "हे कापू?" म्हणून विचारायचे आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, "दाबून बघ." टणक लागलं तर ठेवायचं. मऊ, तपकिरी लागलं, वरचं साल बोटांत निसटून आत नुसता दोरा उरला, तर कापायचं. काही मुळांनंतर मी विचारणंच सोडलं, कारण बोटांनाच कळायला लागलं होतं.

मुळावरचा तो जाड पांढरट थर म्हणजे व्हेलामेन, हे तुमच्यामुळे कळलं. मेलेल्या पेशींचा हा थर स्पंजासारखा पाणी शोषतो. कोरडा असताना मूळ रुपेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. तुम्ही पारदर्शक कुंडीचा आग्रह का धरलात ते तेव्हा उमगलं. रानात ही रोपं झाडांच्या फांद्यांवर वाढतात, मुळांना सतत हवा लागते. साध्या मातीत ती गुदमरतात. म्हणून रात्रभर भिजवलेले झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा, आणि उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी. मोठी कुंडी घेतली तर मधलं मिश्रण लवकर वाळत नाही, हे मला तरी कुणी आधी सांगितलं नव्हतं. साल अंगठ्याने दाबायची नाही, कुंडी हलकेच आपटत बसवायची, आणि पानांचा बुंधा वरच ठेवायचा.

पाण्याचा वार ठरवू नकोस, असंही तुम्ही बजावलंत. आता मी मुळांचा रंग बघते, कुंडी उचलून वजन बघते. भरपूर पाणी घालते, सगळं निथळू देते, खालच्या ताटलीत थेंबही साचू देत नाही. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर कागदाने टिपते. हे रोप एकाच शेंड्यातून वाढतं. तो शेंडा कुजला तर त्यातून नवं पान येत नाही. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत, आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने धुवून काढायचं म्हणजे क्षार साठत नाहीत. उजेडाचं पानंच सांगतात: फार गडद हिरवी झाली तर उजेड कमी, पिवळट किंवा लालसर झाली तर ऊन जास्त.

काकू, आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे लिहूनच टाकते. माहिती कुठेही मिळाली असती. पण माझ्याशेजारी बसून, माझा हात कचरत असताना घाई न करता थांबणारं माणूस मिळालं नसतं. त्या दिवशी तुम्ही तुमची अख्खी दुपार मला दिलीत, आणि त्यानंतरही प्रत्येक फोटोला मनापासून उत्तर दिलंत. मनापासून आभार.

आता एक विचारायचंय. नवं पान चांगलं तळहाताएवढं झालंय, आणि रात्रीचा गारवा सुरू झाल्यापासून एका पानाच्या बगलेतून हिरवा कोंब डोकावतोय. मुळाचं टोक गोल असतं आणि फुलांच्या दांड्याचं जरा चपटं, एका बाजूला खाच असलेलं, असं तुम्ही म्हणाला होतात. मला ती खाच दिसतेय असं वाटतंय. फोटोत नीट येत नाही, तेव्हा सवड काढून बघायला याच. दांडाच असेल तर त्याला काठीचा आधार कधी द्यायचा तेही सांगा.

तुमची,
शेजारची लेक