मकरानच्या किनाऱ्याला सरदारी चौकटीत बसवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतातील ग्वादर बंदराविषयी मराठी वृत्तपत्रांत अलीकडे बरेच लिहून येते. चीनची गुंतवणूक, इराणच्या चाबहार बंदराशी असलेली स्पर्धा, सशस्त्र गटांचे हल्ले हे विषय त्यात असतात आणि ते महत्त्वाचे आहेतच. मात्र तेथील बलुच समाजाचा उल्लेख आला की तो ‘टोळ्या’, ‘सरदार’ आणि ‘टोळ्यांमधील वैर’ एवढ्यावरच आटोपतो. हे वर्णन मरी आणि बुगती जमातींच्या डोंगराळ मुलखावरून उचललेले आहे. ग्वादर, पसनी, ओरमारा, जिवानी ही गावे ज्या मकरान भागात येतात, तेथील समाजाची घडण निराळी आहे, आणि ती ध्यानात घेतली नाही तर आजच्या घडामोडींचा अर्थ लागत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मरी-बुगतींकडे सरदार हा जमातीचा वडीलधारा असतो आणि त्याचे बळ त्याच्या भाऊबंदांत असते. मकरानातील सत्ता मात्र केच आणि पंजगूरच्या खोऱ्यांतील खजुराच्या बागांवर आणि जमिनीखालून पाणी खेळवणाऱ्या कारेझांवर उभी राहिली. बागायत आली तेथे महसूल आला आणि महसुलामागोमाग हाकीम, म्हणजे राज्यकर्ते, आले. आधी बुलेदी आणि अठराव्या शतकापासून गिचकी. गिचकींचे पूर्वज हिंदुस्थानातून आले, असे त्यांची स्वतःची परंपराच सांगते. संख्येने थोडक्या असलेल्या या घराण्याच्या पाठीशी मोठी जमात नव्हती. हाकिमांच्या खाली जमीनजुमला बाळगणारे बलुच, त्यांच्या खाली कसणारे दरजादे आणि नकीब, लोहारकाम व गाणे-बजावणे करणारे लोरी, आणि आफ्रिकेतून मस्कतमार्गे आणलेल्या गुलामांचे वंशज, अशी ही उतरंड होती. कोणाची सोयरीक कोठे व्हावी आणि बैठकीत कोणी कोठे बसावे, हे येथे जमातीच्या नावापेक्षा या श्रेणीवरून ठरत असे.

किनाऱ्यावर या उतरंडीच्या तळाशी होते मेद, म्हणजे तेथले कोळी. इ.स.पूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडरचे सैन्य मकरानच्या वाळवंटातून परतताना तहानेने आणि उपासमारीने मरत होते, तेव्हा त्याचा सेनानी निआर्कस याच किनाऱ्याने आरमार घेऊन गेला. वाळवलेल्या मासळीचे पीठ करून खाणारे आणि देवमाशांच्या हाडांची घरे बांधणारे लोक त्याने येथे पाहिले. पुढे आठव्या शतकाच्या आरंभी अरबांनी सिंधवर स्वारी केली, तेव्हा तिचे एक कारण म्हणून अरब इतिहासकारांनी मेद चाच्यांनी लुटलेल्या जहाजांचा उल्लेख केला. आजच्या मेदांचा या साऱ्यांशी थेट वंशसंबंध जोडण्याचे धाडस कोणी करू नये; परंतु समुद्रावर जगणारे लोक येथे फार पूर्वीपासून आहेत, एवढे नक्की. एकोणिसाव्या शतकात खोजा आणि हिंदू व्यापारी त्यांना आगाऊ रक्कम देत आणि त्या बदल्यात मासळी घेऊन ती खारवून थेट सिलोनपर्यंत पाठवत. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानजवळच्या समुद्रतळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीने पसनीचा विध्वंस केला, तो आघातही प्रामुख्याने किनाऱ्यावरच्या याच वस्त्यांवर झाला. त्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि आपल्याकडेही माणसे वाहून गेली, ही गोष्ट आज मुंबईतही फारशी कोणाला ठाऊक नसते.

धर्माच्या बाबतीतही मकरान वेगळा आहे. तेथील झिक्री पंथाचे लोक महदीला, म्हणजे मार्ग दाखवायला येणाऱ्या उद्धारकाला, मानतात, नमाजाऐवजी झिक्र, म्हणजे ईश्वराचे नामस्मरण, करतात आणि तुर्बतजवळच्या कोह-ए-मुराद या टेकडीची यात्रा करतात. जौनपूरच्या सय्यद महंमदाने सुरू केलेल्या महदवी चळवळीशी त्यांचे नाते नेमके कसे आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मराठी वाचकाला मात्र हे आठवायला हवे की १५८९ ते १५९१ या काळात अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखानाने याच महदवी पंथाला राजाश्रय मिळवून दिला होता. कलात या बलुच संस्थानाचा खान मीर नसीरखान पहिला, जो १७६१ मध्ये अब्दालीच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध लढला, त्यानेच झिक्री गिचकींवर मोहिमा काढल्या आणि केचच्या महसुलात अर्धा वाटा घेतला. त्याच नसीरखानाने १७८३ च्या सुमारास मस्कतहून परागंदा झालेल्या, ओमानच्या राजघराण्यातल्या सुलतान बिन अहमदला ग्वादर दिले. ते पुढे ओमानकडेच राहिले. पाकिस्तानला ते १९५८ मध्ये ३० लाख पौंड मोजून घ्यावे लागले. मकरान संस्थान त्याआधीच, मार्च १९४८ मध्ये, पाकिस्तानात सामील झाले होते. ओमानने ग्वादर भारताला देऊ केले होते का, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद रंगतो. पण ग्वादरच्या कोळ्यांना यांपैकी कोणत्याही वेळी कोणी विचारले नव्हते, याचा उल्लेख त्या वादात कधी होत नाही, याचे मला वाईट वाटते.

हा इतिहास समोर ठेवला की अलीकडच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. तुर्बतचे डॉ. अब्दुल मलिक बलुच २०१३ मध्ये बलुचिस्तानचे मुख्यमंत्री झाले, ते कोणत्याही सरदार घराण्यातले नव्हते. ग्वादरच्या पूर्वेकडच्या खाडीला मच्छीमार देमी झिर म्हणतात. बंदराकडे जाणारा द्रुतगती मार्ग तिच्या काठाने आखला गेला, तेव्हा होड्या समुद्रात लोटायला वाट राहणार नाही म्हणून ते रस्त्यावर आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हक दो’ चळवळीने ग्वादरमध्ये महिनाभर धरणे धरले. परक्या ट्रॉलरची बेकायदा मासेमारी थांबवा, तपासणी नाक्यांवरची अडवणूक बंद करा, इराणच्या सीमेवरचा व्यापार मोकळा करा आणि प्यायला पाणी द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या आंदोलनात स्त्रिया मोठ्या संख्येने मोर्चा घेऊन निघाल्या, आणि त्याचे पुढारी मौलाना हिदायतुर्रहमान हे स्वतः मच्छीमार कुटुंबातले आहेत. अशा आंदोलनाला ‘टोळ्यांचे बंड’ म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. पिढ्यान्‌पिढ्या खालच्या मानलेल्या पायरीवरची माणसे सरदाराच्या मध्यस्थीवाचून स्वतःच्या नावाने सरकारशी बोलत आहेत, ही माझ्या मते त्या किनाऱ्यावरची अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी घटना आहे.

माझी विनंती एवढीच की, यापुढे ग्वादरविषयी लेख छापताना धक्क्याची खोली आणि कराराची रक्कम यांच्याबरोबर त्या समुद्रात कोणाला मासेमारी करता येते आणि कोणाला येत नाही, याचीही माहिती आपल्या लेखकांनी द्यावी, आणि मकरान व मरी-बुगती मुलूख यांची सरमिसळ टाळावी.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी