ऑर्गनला नाट्यगृहात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीनंतर पुन्हा उभं राहतंय, त्याच्या बातम्या मी रोज वाचते. खुर्च्या, छत, दिवे, ध्वनियंत्रणा, सगळ्यावर लिहिलं-बोललं जातं. पण रंगमंचासमोरच्या त्या खोलगट जागेत, जिथं ऑर्गन आणि तबला बसायचा, तिथं आता कोण बसणार, हे अजून कोणी विचारलेलं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हे पत्र.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दिवसा सूतगिरणीत हिशेब लिहायचे आणि रात्री हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे. एका बंद पडलेल्या नाटक कंपनीचं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी तो हप्त्याहप्त्यानं पैसे देऊन घेतला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एस्टे कंपनीचा पायाचा ऑर्गन, म्हणजे पायांनी भाता मारत वाजवायचा. या कंपनीनं असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले, त्यातला हा एक मंगळवार पेठेत आमच्या सोप्यावर होता. तिसरी घंटा झाली की आबा आधी डोळे मिटायचे, मग दोन्ही पाय हलायला लागायचे, आणि नांदीच्या आधीचा तो भरलेला षड्ज अख्ख्या नाट्यगृहात पसरायचा. पहिल्या रांगेच्या कडेला बसून मी तो अंगावर घेतलेला आहे.

आबा गेले आणि घर लहान पडलं म्हणून ऑर्गन सुतारवाड्याजवळ एका नातेवाइकांकडे ठेवला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो तीन दिवस पाण्यात राहिला. पाणी ओसरल्यावर गेलो तर खालचा भाता चिखलानं भरलेला, सरस सुटलेला, लाकूड फुगलेलं. जुन्या फर्निचरचा एक व्यापारी म्हणाला, आतलं काढून टाका, छान शोकेस होईल, मी घेतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सूर, म्हणजे हवेनं थरथरून आवाज देणाऱ्या पितळी जिभा, मात्र वाचले होते, कारण या ऑर्गनमध्ये भाता तळाशी आणि सूर वर पट्ट्यांखाली असतात. पाणी तिथवर चढलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी तो उचलून तालमीच्या वरच्या हॉलमध्ये नेला आणि मिरजेहून हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला आनंद आहेच. पण पायाचा ऑर्गन उघडून बसणारे हात आता बोटांवर मोजण्याइतकेही राहिले नाहीत, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं.

पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, सुरांचे दोन संच, म्हणजे १२२ पितळी सूर. त्यांनी तारेच्या आकड्यानं एकेक सूर ओढून काढला आणि आम्ही बायकांनी तो अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमानं लावला, नंबराची चिठ्ठी घालून. काहींवर हिरवा गंज, काहींच्या जिभेखाली केसाएवढी धूळ. तेवढ्या धुळीनंही सूर बसतो. मऊ ब्रशनं साफ करायचा, ओठांशी धरून हवा ओढून बघायचा. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाकडे अगदी हलका घासायचा म्हणजे चढतो, चढला असेल तर मुळाकडे घासायचा म्हणजे उतरतो. एक घास जास्त झाली की सूर कायमचा गेला, म्हणून ते दर दोन घासांनी थांबायचे.

त्यांच्याकडूनच मला नीट कळलं की आपली पेटी आणि हा ऑर्गन आतून उलटे आहेत. पेटीचा भाता वारा सुरांतून बाहेर ढकलतो. या ऑर्गनमध्ये पाय मारले की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. आवाजाला तो गोलावा त्यामुळे येतो, आणि खोलीतली धूळही त्याच वाटेनं आत जाते. झाकून, पुसून, रोज थोडा वाजवून ठेवला तरच तो नीट राहतो. वर्षभर नुसता पडून राहिला की भात्याचं कापड घडीवर चिरतं. म्हणूनच असे ऑर्गन संग्रहालयात काचेआड ठेवू या, असं कुणी सुचवलं तर ते मला मान्य नाही.

आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तालमीच्या हॉलमध्ये ऑर्गन वाजतो. सतरंज्या, चाळीस खुर्च्या, शेवटी चहा आणि भडंग. भाजी मंडईतल्या मावशी येतात, शाळेतली पोरं येतात. बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा कॉलेजचा एक मुलगा पहिल्यांदा बसला तेव्हा त्याची बोटं सुंदर चालली, पण पाय थांबले आणि पदाच्या मध्येच आवाज विरला. आता तो महिन्याचे चारही आठवडे येतो. गुडघ्यानं पट्टी दाबून आवाज कसा फुलवायचा आणि गायक तान घेतो तेव्हा पाय कसे हळू करायचे, हे तो शिकतोय. हे यूट्यूबवरून येत नाही, शेजारी बसूनच येतं.

माझी भाची इंग्लंडला असते. तिनं ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममधल्या वुर्लिट्झर ऑर्गनचं चित्रीकरण पाठवलं. तो पाइपांचा, मूकपटांच्या जमान्यातल्या थिएटर ऑर्गनच्या घराण्यातला. रेजिनाल्ड डिक्सन यांनी तिथं १९३० ते १९७० ऑर्गन वाजवला आणि आजही त्याच्या सुरावर म्हातारी जोडपी नाचतात. अमेरिकेत तर असे ऑर्गन जपण्यासाठी १९५५ पासून हौशी मंडळींची संस्था आहे. त्यांचा ऑर्गन आणि आपला ऑर्गन वेगळा, हे खरं. पण मूकपट कोल्हापूरनंही काढले. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. मग थिएटरच्या वाद्यावरची ती माया आपल्यालाही परकी नसावी.

आणि नाट्यसंगीत तर आपलंच. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभं राहिलं. तेच आजचं हे नाट्यगृह, आणि ज्यांचं नाव त्याला दिलं ते गायक-नट केशवराव आपले. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केला. त्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबेही आपल्या कोल्हापूरचेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शेजारच्या खासबागेच्या कोपऱ्यावर उभी राहून मी रडले, आणि माझ्याबरोबर अनोळखी माणसंही रडत होती.

म्हणून माझं मागणं असं आहे, की नव्या नाट्यगृहात रंगमंचासमोर पायाच्या ऑर्गनला कायमची जागा द्यावी, ओल आणि धूळ लागणार नाही अशी. तो महिन्यातून एकदा तरी लोकांसाठी, तिकिटाविना वाजावा. दुरुस्ती शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना विद्यावेतन द्यावं, कारण आमचे मिरजेचे कारागीर आता सत्तरी पार आहेत. नाट्यगृह ऑर्गन घेणार असेल तर आबांचा ऑर्गन मी एक पैसाही न घेता देईन. तो तिथं वाजेल एवढं मात्र लिहून हवं.

आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माडीवर, गोठ्यात, देवळाच्या ओवरीत असा ऑर्गन पडलेला असेल तर भंगारात घालू नये. मोडका असला तरी त्याचे सूर उपयोगी पडतात. आमच्या ऑर्गनच्या मंद्र सप्तकातला एक धैवत पुरानंतर शोधूनही सापडलेला नाही. त्या संचात ती पट्टी अजून मुकी आहे. त्या मापाचा सूर कुणाकडे असला तर येत्या शेवटच्या शनिवारी घेऊन यावं.

आपली,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर