झालेल्या मतदानाचा ताबा परत कसा देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाणी कोर्टात नाझर, म्हणजे कोर्टाच्या हुकमांची अंमलबजावणी पाहणारा कर्मचारी, म्हणून निवृत्त झालो. ‘स्टे’ हा शब्द ऐकला की अजून एका वाड्याचे अंगण डोळ्यांसमोर येते. दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जात) ताबा वॉरंट निघालेले, बेलिफाने निम्मे सामान बाहेर काढलेले, तांब्याचा हंडा तुळशीपाशी टेकवलेला आणि तेवढ्यात प्रतिवादीचा मुलगा मोटारसायकलवरून स्थगितीची नक्कल फडकवत हजर! हंडा पुन्हा आत गेला. कित्येक वर्षांनी अपील फेटाळले गेले, तेव्हा मालकाला ताबा मिळाला आणि मधल्या काळाचे उत्पन्नही. उशीर झाला, पण हिशेब तरी झाला.

मताचा असा हिशेब कोण करणार? अमेरिकेतल्या अलाबामाचे प्रकरण वाचताना हेच मनात येत राहिले. देशाच्या संसदेतल्या प्रतिनिधिगृहात त्या राज्याच्या सात जागा. लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण २७ टक्के, पण त्यांचे बहुमत असलेला मतदारसंघ एकच. २४ जानेवारी २०२२ रोजी तीन न्यायाधीशांनी (त्यातले दोघे ट्रम्प यांनीच नेमलेले, हे मुद्दाम सांगतो) एकमताने निष्कर्ष काढला की मतदारसंघांचा हा नकाशा १९६५च्या मतदान हक्क कायद्याचा भंग करणारा दिसतो, नवा आखा. राज्य सरकारने वर धाव घेतली. ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती दिली.

आदेशात कारण नव्हतेच. न्या. कॅव्हनॉ यांनी वेगळे मत जोडून सांगितले की निवडणूक तोंडावर असताना कोर्टाने नियम बदलू नयेत. टपाली मतपत्रिका मार्चअखेर निघायच्या होत्या, हे खरे. पण पक्षांतर्गत मतदान २४ मेला होते आणि मुख्य मतदान नोव्हेंबरात. ज्या अ‍ॅरिझोनाच्या २००६मधील निकालावरून हे तत्त्व आले, तिथे मतदान अवघ्या अठरा दिवसांवर होते. अठरा दिवसांची सबब नऊ महिन्यांना लावायची, तर ‘तोंडावर’ नाही अशी निवडणूक उरते कुठली?

८ जून २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चारनेच, खालचा निकाल कायम केला. म्हणजे नकाशा सदोष होता. पण त्यावर २०२२ची निवडणूक उरकली होती आणि निवडून आलेले सातही जण दोन वर्षे कायदे करत बसले. त्या सभागृहात बलाबल २२२ विरुद्ध २१३ होते, म्हणजे एकेक जागा मोलाची. कृष्णवर्णीयांना दुसऱ्या मतदारसंघात न्याय मिळाला तो नोव्हेंबर २०२४मध्ये, तोही विधिमंडळाने पुन्हा टाळाटाळ केल्यावर कोर्टाने स्वतः नकाशा आखून घेतला म्हणून.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४१, नियम ५ म्हणतो की नुसते अपील दाखल केले म्हणून हुकूमनामा थांबत नाही. स्थगिती हवी असेल तर तारण द्या. निकाल फिरला तर कलम १४४खाली सगळे पूर्ववत करा. अलाबामाने काय तारण दिले होते? आणि पूर्ववत काय करणार, दोन वर्षांतले मतदान? खालचे कोर्ट चुकले असते तर, असे कुणी विचारेल. नुकसान तेव्हाही झालेच असते. पण साक्षीपुरावा तपासून दिलेल्या दोनशेहून अधिक पानांच्या निकालापेक्षा कारण न देता निघालेला आदेश जड ठरावा, हे माझ्यासारख्या कारकुनी डोक्याला पटत नाही. स्थगिती द्यायचीच, तर उमेदवारी अर्ज भरण्याआधी अपील निकाली काढण्याची तारीखही त्याच कागदावर हवी.

आपण तरी फार शहाणे आहोत असे नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायप्रविष्ट म्हणून मुंबई महापालिकेवर मार्च २०२२पासून प्रशासक होता. मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६मध्ये. तिकडे सदोष का होईना निवडणूक झाली, इकडे तीही नाही. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्यायला सांगितले, याचिकांच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून. ‘अधीन राहून’ हे दोन शब्द लिहायला तीन वर्षे का लागली, एवढेच विचारायचे आहे.

आपला,
एक निवृत्त नाझर, जि. सातारा